सरकारी अनुदान असताना आपली देणगी कशासाठी?





गेल्या सुगीच्या सणाला पुण्यातील एका मंडळीत उपासनेनंतर आम्ही टेबल मांडले होते. सातपुड्यातील भगर, तूरडाळ आणि आमचूर विकायला ठेवले होते. खरेदी करता करता एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "बाई, आदिवासींसाठी सरकारच्या एवढ्या योजना आहेत. पेपरात रोज अनुदानाच्या बातम्या येतात. मग मिशनला आमच्या देणगीची गरज का पडते?"

प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून या अंकात ते सविस्तर लिहीत आहे. त्यात आमची एक चूकही सांगावी लागेल, कारण आम्ही जे शिकलो ते त्या चुकीतूनच शिकलो.

बाजारात काय घडते

आमचे काम नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, डोंगरातल्या पाड्यांवर आहे. मोलगीच्या परिसरातील भगर तुमच्यापैकी काहींना ऐकून माहीत असेल. इथले लोक उताराच्या जमिनीवर मोर, बर्टी अशी बारीक धान्ये पिकवतात. त्यांचे टरफल काढले की भगर होते. शहरात उपवासाला जी भगर आवडीने खाल्ली जाते, ती हीच.

अडचण टरफलाची आहे. दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा असतो आणि टरफल चिकट. उखळात घालून मुसळाने कांडायचे म्हटले तर दोन बायकांची अख्खी सकाळ जाते आणि हाती घरापुरती भगर येते. म्हणून सुगी झाली की लोक धान्य टरफलासकट आठवडे बाजारात नेतात. बाया रस्त्याच्या कडेला जमिनीवर गोणपाट अंथरून बसतात. व्यापारी मापाने घेतो. भाव तोच सांगतो, माप त्याचेच असते. ऊन चढले, घरी परतायची जीप निघायची वेळ झाली की बाई मिळेल त्या भावाला देऊन मोकळी होते. तेच धान्य गिरण्यांत जाऊन भगर होऊन येते आणि दुकानात किलोने विकले जाते. त्यातले कांडणीचे, निवडण्याचे आणि पाकिटाचे पैसे डोंगरात राहत नाहीत.

दिवाळीनंतर मुकादम येतो. घरात पैसा नसला की लोक उचल घेतात आणि ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलेही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असते, बाकावर मूल नसते. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात चार पैसे आले की नाही, यावर एखाद्या मुलाचे अख्खे वर्ष ठरते.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आपल्या आईच्या स्मरणार्थ मिशनला चांगली मोठी रक्कम दिली. आम्ही आनंदाने लगेच भगरीचे टरफल काढणारे यंत्र विकत घेतले. बारा बायांचा एक बचत गट आहे. त्यांना यंत्र चालवायला द्यायचे आणि पुढच्या यंत्रांसाठी सरकारी अनुदान मागायचे, असा आमचा बेत होता. हे पहिले यंत्रही अनुदानात धरले जाईल, असे मी गृहीत धरले होते. कोणाला विचारले नव्हते.

अर्ज घेऊन कार्यालयात गेले तेव्हा अधिकाऱ्यांनी बिल पाहिले आणि शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मंजुरीच्या आधी घेतलेले यंत्र अनुदानात बसत नाही. दुसरी, बिल मिशनच्या नावावर आहे. अर्ज गटाचा असेल तर खरेदीही गटाच्याच नावाने व्हायला हवी. परत आल्यावर तिसरी गोष्ट कळली. यंत्राला थ्री फेज वीज लागत होती आणि पाड्यावर ती नव्हती.

त्या सुगीत यंत्र ताडपत्रीखाली झाकून पडले. गटाच्या अध्यक्षांना सारे गाव मावशी म्हणते. यंत्र येणार म्हणून त्यांनी आपले धान्य बाजारात न विकता राखून ठेवले होते. शेवटी दिवाळी झाल्यावर ते पडत्या भावाने विकावे लागले. त्यांचा मुलगा आणि सून उचल घेऊन तोडीला गेले. दुसरीत असलेला नातूही गेला. मी भेटायला गेले तेव्हा मावशी मला बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत. चहा दिला आणि एवढेच म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधी विचारायचं होतं."

तेव्हापासून आम्ही आधी विचारतो.

पैसा कोणत्या दारातून येतो

स्थानिक धान्य आणि आठवडे बाजार यांच्यासाठी सरकारी मदत एकाच ठिकाणी मिळत नाही. आम्हाला उपयोगी पडलेली तीन दारे सांगते.

पहिले दार यंत्रांचे. २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. तिच्यात नव्या किंवा वाढवायच्या छोट्या उद्योगाला यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते. एका उद्योगाला त्याची मर्यादा १० लाख रुपये आहे. राज्यात ही योजना कृषी विभागामार्फत चालते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल तयार करणे, बँकेशी बोलणे, अन्न सुरक्षेची नोंदणी करून देणे, या सर्वांत त्या मदत करतात. त्यांचा मोबदला योजनेतूनच दिला जातो. म्हणून कोणी दलाल "अर्ज भरून देतो, इतके पैसे द्या" म्हणाला, तर त्याला देऊ नये.

दुसरे दार भांडवलाचे. यंत्र आले तरी सुगीत धान्य विकत घ्यायला रोख लागते. याच योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातील प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. हे काम 'उमेद' अभियानातून होते. रक्कम गटांच्या संघाकडे अनुदान म्हणून येते आणि सदस्यांना ती कर्जाऊ मिळते. परत आलेला पैसा संघात राहतो आणि पुढच्या बायांना उपयोगी पडतो. जंगलातील गौण उपज गोळा करणाऱ्यांसाठी २०१८ पासून वनधन विकास केंद्रांची वेगळी योजना आहे. तिच्यात साधारण २० जणांचे १५ गट, म्हणजे ३०० लोक एका केंद्रात येतात आणि केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. आमचा गट बारा बायांचा आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही. मोठ्या पाड्यांनी जरूर विचार करावा.

तिसरे दार बाजाराच्या जागेचे. हे दार गावातच आहे, पण त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याने गावच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिला आहे. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळते आणि ती कशावर खर्च करायची ते ग्रामसभा ठरवते. बाजारातले ओटे, पत्र्याची सावली, पाण्याची टाकी, बायांसाठी स्वच्छतागृह ही कामे तिथे मांडता येतात. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. ग्रामसभेत हात वर करावा लागतो.

अनुदान म्हणजे हातात पडणारा पैसा नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. गटातल्या बायांचा झाला होता आणि माझाही. म्हणून सोपे आकडे घेऊन हिशेब मांडते.

समजा यंत्रांचा खर्च ४ लाख रुपये आहे. त्यातला किमान १० टक्के, म्हणजे ४० हजार रुपये, गटाने स्वतः घालायचे. उरलेले ३ लाख ६० हजार बँक कर्ज म्हणून देते. ३५ टक्क्यांप्रमाणे अनुदान होते १ लाख ४० हजार. पण ते गटाच्या हातात येत नाही. बँकेत कर्जाच्या जोडीला एक वेगळे खाते उघडतात, त्यात ते जमा होते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षे उद्योग चालू राहिला आणि हप्ते वेळेवर गेले, तर ती रक्कम कर्जातून वजा होते. म्हणजे गटाला खरे फेडायचे असतात २ लाख २० हजार आणि त्यावरचे व्याज. हप्ते थकले तर कर्ज बुडीत जाते.

म्हणून अर्जापूर्वीचा खरा प्रश्न "अनुदान किती मिळेल" हा नसतो. "महिन्याला हप्ता कुठून भरायचा" हा असतो. आम्ही दोन संध्याकाळी मावशींच्या अंगणात बसून तो हिशेब केला. बायांनी खडे मांडून मोजले: सुगीत किती धान्य मिळेल, दिवसाला किती कांडून होईल, कोणत्या महिन्यांत यंत्र बंद राहील. पावसाळ्यात काम नसते, म्हणून त्या चार महिन्यांचे हप्ते आधीच बाजूला काढायचे, हे एका अंगठेबहाद्दर बाईच्या लक्षात आले. माझ्या आले नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले

अर्जदार गटच राहिला. मिशनचे नाव कुठेही घातले नाही. गटातल्या सगळ्याच जणी आपल्या मंडळीतल्या नाहीत. अर्जात धर्म विचारत नाहीत, आम्हीही विचारत नाही. कर्ज, यंत्र आणि नफा त्यांचा असेल तरच हप्त्याची काळजीही त्यांची राहील.

मग कागद. आधार कार्ड, पॅन कार्ड, गटाचे पासबुक, मागच्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, यंत्रांची दरपत्रके, वीजबिल, जागेचा पुरावा आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. यादी वाचायला सोपी आहे. पण चार बायांच्या आधारवर माहेरचे नाव होते आणि पासबुकात सासरचे. एकीचे वय दोन कागदांत दोन होते. ते दुरुस्त करायला तालुक्याला जाणे आले. एका खेपेत जीपचे भाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. काही जणींना तीन खेपा पडल्या.

जागेचा प्रश्न आणखी अवघड होता. बऱ्याच कुटुंबांकडे वनहक्काची जमीन आहे. २००६ च्या कायद्याने ती वारसाहक्काने मुलांकडे जाते, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून बँक ती तारण धरत नाही. इथे एक नियम कामी आला. बचत गटाला १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. त्याची प्रत आम्ही नम्रपणे टेबलावर ठेवली. शेडसाठी एका सदस्येने आपल्या घराशेजारची जागा भाडेकराराने दिली. घराचा नमुना ८ चा उतारा तिच्याच नावावर निघाला, हे आमचे भाग्य.

थ्री फेज जोडणीचा अर्ज सगळ्यात आधी केला. ती यायला सर्वांत जास्त वेळ लागला. ती आली आणि पहिले यंत्र सुरू झाले. मिशनने ते आता गटाला वापरायला दिले आहे. त्या यंत्राची भगर घेऊनच आम्ही पुण्याला आलो होतो. सणानंतर तुमच्यातील एका भगिनीने फोन करून सांगितले की भगरीत खडा लागला. त्यांचे आभार मानते. त्या एका खड्यामुळे आम्हाला नेमके काय मागायचे ते कळले. दुसरा अर्ज आम्ही धान्य साफ करणे, खडे काढणे, प्रतवारी करणे आणि पाकीट बंद करणे यांच्या यंत्रांसाठी केला. अन्न सुरक्षेची नोंदणीही केली. एवढ्या छोट्या उद्योगाला मोठा परवाना लागत नाही. साधी नोंदणी पुरते आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

दिनदर्शिका पाहून अर्ज करा

कार्यालयाचे वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत असते. शेतकऱ्याचे वर्ष पावसावर चालते. हे दोन्ही जुळले नाहीत तर मंजुरी येते आणि धान्य विकून झालेले असते. यंत्र दिवाळीला हवे असेल तर कागदांची दुरुस्ती होळीच्या आधी संपायला हवी आणि अर्ज उन्हाळ्यातच जायला हवा. आमचा अर्ज मे महिन्यात गेला, त्रुटींसाठी दोनदा परत आला आणि सप्टेंबरात कर्ज मंजूर झाले. यंत्रे नोव्हेंबरात बसली. थोडा उशीर झालाच.

बाजाराच्या ओट्यांचेही तसेच. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. म्हणून १५ ऑगस्टच्या सभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत बायांनी ठराव मांडला: बाजारात दर आठवड्याला आमच्याकडून पावती फाडली जाते, तर आम्हाला बसायला ओटा आणि डोक्यावर सावली हवी. आणि एक सरकारी वजनकाटा हवा, ज्यावर कोणालाही आपला माल मोजून घेता येईल. ओटे आणि सावली आराखड्यात आली. काटा राहिला. पुढच्या सभेत त्या तो पुन्हा मागणार आहेत.

तुम्ही स्वतः एखाद्या गावातील गटाला मदत करत असाल तर एक सांगते. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात. अर्जाला हात लावण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन योजना चालू आहे का, यंदाच्या अटी काय आहेत, ते विचारून घ्या. आणि मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एक रुपयाचीही खरेदी करू नका.

मग तुमची देणगी कशासाठी?

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना उत्तर देते. सरकारी पैसा यंत्राला मिळतो, ओट्याला मिळतो. पण आधारवरचे नाव दुरुस्त करायला तीनदा तालुक्याला जाण्यासाठी मिळत नाही. बुडलेल्या मजुरीसाठी मिळत नाही. कागद वाचून समजावून सांगणाऱ्या आणि बँकेत बायांच्या शेजारी बसणाऱ्या माणसासाठी मिळत नाही. अर्ज आणि मंजुरी यांच्या मधल्या महिन्यांत धान्य पडत्या भावाने विकावे लागू नये म्हणून जो आधार लागतो, त्यासाठीही मिळत नाही.

तुमची देणगी आम्ही या फटींमध्ये घालतो. गटाचा ४० हजारांचा हिस्सा मात्र आम्ही दिला नाही. बारा जणींनी महिन्याला १०० रुपयांप्रमाणे तीन वर्षे बचत केली होती, त्यातूनच तो निघाला. मुकादमाच्या उचलीऐवजी घेता यावी म्हणून एक छोटी बिनव्याजी रक्कम आम्ही गटाकडे ठेवली आहे. ज्या घराला गरज असेल त्याने घ्यावी, भगर विकली की परत करावी. मागच्या सुगीत पाच घरांनी घेतली आणि पाचही घरांनी परत केली.

शास्त्रात रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कापणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसे वेचण्याचा गरिबाचा हक्क नियमशास्त्रातच लिहिलेला होता. तरी तो हक्क तिच्या पदरात पडायला शेत दाखवणारे आणि तिला हुसकावून न लावणारे कोणी तरी लागलेच. आमच्या बायांचाही हक्क कायद्यात लिहिलेला आहे. आम्ही शेतापर्यंत सोबत जातो.

यंदा मावशींची सून आणि नातू गावातच राहिले. मुलगा मात्र तोडीला गेला, कारण जुनी उचल अजून फिटलेली नाही. नातू आता चौथीत आहे आणि शाळेत जातो. दुसरीचे ते वर्ष बुडाले, त्यामुळे त्याचे वाचन अजून मागे आहे. संध्याकाळी पाकिटांवर चिकटवायच्या पट्ट्या वाचून तो आजीला दाखवतो.

आपल्या प्रार्थनेत या गटाच्या हप्त्यांची आठवण ठेवा. पहिली तीन वर्षे फार मोलाची आहेत. येत्या सुगीच्या सणाला आम्ही पुन्हा येऊ. भगर घ्या, खडा लागला तर जरूर सांगा.

आपली सेवेतील बहीण